डेबियनवर स्थिर आयपी: रीबूटनंतर पत्ता का उडतो, आणि मग दोन पत्ते कुठून येतात

प्रश्न थोडक्यात असा: डेबियन लिनक्सवर ईएनपी३एस० या इंटरफेसला (म्हणजे नेटवर्क कार्डाला) 'आयपी ॲड्रेस ॲड' वापरून १९२.१६८.१.५० हा पत्ता दिला, तो रीबूटनंतर गेला. मग इंटरफेसेस फाइल (इटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस) डीएचसीपीवरून (राउटर मुदतीपुरता देतो तो पत्ता) स्टॅटिकवर (आपण ठरवलेला स्थिर पत्ता) आणून नेटवर्किंग रीस्टार्ट केलं, तर आता दोन पत्ते दिसतात. शिवाय त्या पत्त्यावर ऐकणारा डेटाबेस बूटच्या वेळी सुरूच होत नाही.

पहिली गोष्ट सोपी आहे. आयपी कमांड फक्त चालू कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) सांगते, डिस्कवर काहीच लिहीत नाही.

खरी गोम दोन पत्त्यांत आहे. 'आयपी ॲड्रेस शो' नीट वाचा. एका पत्त्यापुढे 'डायनॅमिक' लिहिलेलं असेल आणि खाली मुदतीचे सेकंद उतरत असतील, तो डीएचसीपीचा. तुमच्या पत्त्याखाली 'फॉरेव्हर' असेल. कारण असं, की रीस्टार्टमध्ये इंटरफेस बंद करणारं आयएफडाउन फाइल त्याच क्षणी वाचतं. तुम्ही फाइल आधीच बदललीत, त्यामुळे त्याला 'स्टॅटिक' दिसलं आणि डीएचसीपी क्लायंटला (राउटरकडे पत्ता मागणाऱ्या प्रोग्रॅमला) थांबवायचं आहे हे कळलंच नाही. डीएचक्लायंट किंवा डीएचसीपीसीडी, जो असेल तो, मागे जिवंत राहिला आणि मुदत वाढवताना जुना पत्ता पुन्हा लावत बसला. म्हणून क्रम उलटा हवा: आधी आयएफडाउन, मग फाइलमध्ये बदल, मग इंटरफेस चालू करणारं आयएफअप. एसएसएचवरून (दुरून लॉगिन करून) काम करत असाल तर आयएफडाउनला कनेक्शनच तुटेल. तिथे फाइल बदलून सरळ रीबूट करा, पण कन्सोल (यंत्राचा स्वतःचा स्क्रीन-कीबोर्ड) हाताशी असल्याशिवाय नको.

रीबूटनंतरही दोन पत्ते राहिले तर इंटरफेसला दोन मालक (पत्ता लावणारे दोन प्रोग्रॅम) आहेत. 'नेटवर्कसीटीएल लिस्ट' (सिस्टिमडी-नेटवर्कडीसाठी) आणि 'एनएमसीएलआय डिव्हाइस' (नेटवर्कमॅनेजरसाठी) दोन्ही पाहा. इंटरफेसेस फाइलच वापरायची असेल, तर दोन्हीकडे हा इंटरफेस 'अनमॅनेज्ड' (त्यांच्या ताब्याबाहेर) दिसायला हवा. डीएचसीपीसीडीची स्वतःची सर्व्हिस चालू असेल तर तीही बंद करा. कोणता मालक ठेवायचा हा आवडीचा प्रश्न आहे, पण एकच ठेवा.

फाइलमध्ये लागतं ते इतकंच: 'ऑटो ईएनपी३एस०', त्याखाली 'आयफेस ईएनपी३एस० आयनेट स्टॅटिक', आणि त्याच्या पोटात 'ॲड्रेस १९२.१६८.१.५०/२४' व 'गेटवे १९२.१६८.१.१' (राउटरचा पत्ता). गेटवे त्या /२४ मध्ये (म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांत) बसत नसेल तर कर्नल रूट (बाहेर जायचा मार्ग) नाकारतो आणि 'नेक्स्टहॉप हॅज इनव्हॅलिड गेटवे' म्हणतो. दुसरं कार्ड असेल तर त्याच्याखाली गेटवेची ओळ पुन्हा लिहू नका. डीफॉल्ट रूट आधीच असल्यामुळे 'फाइल एक्झिस्ट्स' येतं आणि आयएफअप अर्धवट फसतं. नावावरून पत्ता शोधणारे सर्व्हर सांगणारी 'डीएनएस-नेमसर्व्हर्स' ही ओळ रिझॉल्व्हकॉन्फसारखं पॅकेज नसेल तर कोणी वाचतच नाही. मग पिंग आकड्याला जातो, नावाला जात नाही. तसं असेल तर नेमसर्व्हर थेट इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये लिहा. फाइल बदलल्यावर 'आयएफक्वेरी ईएनपी३एस०' चालवून पाहा. तुमचं लिखाण त्याला कसं समजलं ते लगेच दिसतं.

आता डेटाबेस. फाइलमध्ये 'ऑटो'च्या जागी 'अलाउ-हॉटप्लग' आहे का बघा; इन्स्टॉलर बहुतेक वेळा तेच लिहितो. हॉटप्लगमध्ये यूडेव्हला (हार्डवेअर ओळखणाऱ्या सेवेला) कार्ड दिसेल तेव्हा पत्ता लागतो आणि नेटवर्किंग सर्व्हिस त्यासाठी थांबत नाही. तेवढ्यात डेटाबेस उठतो, पत्ता सापडत नाही, बाइंड (त्या पत्त्यावर ऐकायला बसणं) फसतं. सर्व्हरवर 'ऑटो'च हवं. त्यासोबत 'सिस्टिमसीटीएल एडिट' करून डेटाबेसच्या युनिटमध्ये (सिस्टिमडीच्या सेवा-फाइलमध्ये) 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' या दोन्हींना नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट (नेटवर्क तयार झाल्याचा टप्पा) द्या. नुसतं 'आफ्टर' दिलं आणि ते टार्गेट दुसऱ्या कोणी मागितलंच नाही, तर त्याची वाट पाहिली जात नाही. नेटवर्क.टार्गेटवर विसंबू नका, पत्ता लागल्याची हमी ते देत नाही.

पत्ता राउटरच्या डीएचसीपी पूलच्या (तो आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या) बाहेरचाच घ्या, नाहीतर तोच पत्ता उद्या दुसऱ्या यंत्राला मिळेल आणि कनेक्शन मध्येच तुटत राहील.

पुढे कधी पीसीआय कार्ड वाढवलंत तर ईएनपी३एस०चं ईएनपी४एस० होऊ शकतं, आणि मग बूटनंतर पत्ता लागतच नाही. ते टाळायला इटीसी/सिस्टिमडी/नेटवर्कमध्ये एक डॉट-लिंक फाइल ठेवा: 'मॅच'खाली मॅक ॲड्रेस (कार्डाचा हार्डवेअर क्रमांक), 'लिंक'खाली लॅन० असं वेगळं नाव. इथ० घेऊ नका, कर्नल स्वतः तीच नावं वाटतो. मग इंटरफेसेस फाइलमधलं नाव बदला आणि 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' चालवा, कारण नाव कधीकधी इनिट्रॅमएफएसमध्येच (बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइल सिस्टिममध्ये) ठरून जातं.