लँडस्केप इकॉलॉजी शिकून निसर्गसंवर्धनात खरंच काही करता येतं, की नुसते नकाशे रंगवायचे?

तुमचा प्रश्न असा आहे की जीवशास्त्राची पदवी झाल्यावर लँडस्केप इकॉलॉजीकडे वळावं का, आणि संवर्धनाच्या प्रत्यक्ष कामात तिचा उपयोग होतो की सगळा वेळ संगणकासमोरच जातो. मी याच विषयात काम करते, म्हणून दुसऱ्या भागापासून सुरुवात करते. नकाशे रंगवावे लागतात, आणि भरपूर रंगवावे लागतात. पण नकाशा कोणत्या जिवाच्या नजरेतून काढायचा हे आधी ठरवलेलं नसेल, तर तो भिंतीवर लावण्यापलीकडे फारसा कामाचा नसतो.

या शाखेला नाव दिलं ते कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञाने 1939 मध्ये, विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचा अभ्यास करताना. जंगल, कुरण, शेत, रस्ता, वस्ती हे तुकडे एकमेकांशेजारी कसे मांडलेले आहेत, आणि त्या मांडणीमुळे प्राणी, बिया, पाणी, वणवा यांच्या हालचालीत काय फरक पडतो, हा या विषयाचा गाभा. व्याख्या पाठ करत बसू नका. एक प्रयोग मात्र नीट समजून घ्या.

ब्राझीलमध्ये मानाउसजवळ टॉमस लव्हजॉय यांनी 1979 मध्ये एक प्रकल्प सुरू केला. गुरांच्या कुरणांसाठी तिथलं वर्षावन तोडलं जाणारच होतं. त्यातले 1, 10 आणि 100 हेक्टरचे तुकडे मुद्दाम राखले आणि पुढे कित्येक दशकं त्यांचं काय होतं ते पाहिलं. तुकड्याच्या काठाने ऊन आणि कोरडा वारा आत शिरतो. मोठी झाडं उन्मळून पडतात किंवा उभ्या उभ्या वाळतात, वेली माजतात. आता सोपं गणित करू. हा परिणाम 100 मीटर आतपर्यंत पोचतो असं धरा. 100 हेक्टरचा चौरस म्हणजे 1 किलोमीटर लांब, 1 किलोमीटर रुंद. चारही बाजूंनी 100 मीटर सोडले की आत 64 हेक्टर उरतं. 10 हेक्टरच्या चौरसात उरतं जेमतेम 1.35 हेक्टर. 1 हेक्टरच्या तुकड्यात काहीच नाही, तो सगळा काठच! आणि तेच 10 हेक्टर 100 मीटर रुंदीच्या लांबट पट्ट्यात असतील तर तिथेही आतलं जंगल शून्य. सरकारी तक्त्यात दोन्ही ठिकाणी ‘10 हेक्टर वन’ असंच लिहिलं जाईल. हा फरक पकडायला तुम्हाला आकार, काठ आणि शेजार मोजता यायला हवा.

शेजार तर फारच महत्त्वाचा. मानाउसला ज्या तुकड्यांभोवतीची कुरणं सोडून दिली गेली आणि तिथे पुन्हा झाडोरा उगवला, त्या तुकड्यांत गायब झालेले काही पक्षी परत आले. तुकडा तोच होता, भोवतालचं बदललं. संवर्धनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की प्रत्येक वेळी नवी जमीन राखीव करावी लागतेच असं नाही, कधी कधी शेजारच्या जमिनीचा वापर बदलला तरी पुष्कळ साधतं.

आता अगदी वेगळा जीव घ्या. फिनलंडच्या ऑलंड बेटांवर इल्का हान्स्की आणि सहकाऱ्यांनी ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी या फुलपाखराचा अभ्यास केला. तिथे सुमारे 4000 छोटी कोरडी माळरानं आहेत. या फुलपाखराच्या अळ्या थंडीसाठी रेशमी जाळं विणून एकत्र राहतात, त्यामुळे शरदात माळावर वाकून जाळी शोधली की फुलपाखरू तिथे आहे की नाही ते कळतं. कुठल्याही एका वर्षी बहुतेक माळ रिकामेच असतात. दरवर्षी काही ठिकाणांहून ते नाहीसं होतं आणि काही रिकाम्या जागी नव्याने येतं. म्हणजे ‘इथे ते नाही, मग ही जागा गेली तरी चालेल’ हा युक्तिवाद साफ चुकीचा ठरतो. पर्यावरणीय परवान्यांच्या अहवालांत हाच युक्तिवाद सर्रास दिसतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

प्रत्यक्ष उपयोगाचं सर्वांना दिसणारं उदाहरण म्हणजे रस्ते. कॅनडात बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गाला कुंपण घातलं, प्राण्यांसाठी वरून पूल आणि खालून भुयारी वाटा केल्या, आणि वन्यप्राण्यांचे अपघात 80 टक्क्यांहून अधिक घटले. त्यातला खरा धडा तपशिलात आहे. ग्रिझली अस्वलं, लांडगे, एल्क नावाची मोठी हरणं यांना उंच, रुंद, मोकळी वाट लागते, तर काळं अस्वल आणि प्यूमा अरुंद, आडोशाच्या वाटा पसंत करतात. एकाच प्रकारची दहा भुयारं बांधली असती तर निम्म्या पाहुण्यांनी पाठ फिरवली असती. शिवाय ग्रिझलींना या वाटांची सवय व्हायला काही वर्षं लागली. पहिल्याच वर्षी कॅमेरे लावून निकाल दिला असता तर प्रकल्प फसला असंच म्हटलं गेलं असतं. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 खालीही असे नऊ मार्ग आहेत आणि वाघ त्यांतून ये-जा करतात.

थोडं कडूही सांगते. कॉरिडॉरचे, म्हणजे प्राणी एका अधिवासातून दुसऱ्यात ज्या पट्ट्यांतून जातात त्यांचे, नकाशे काढताना प्रत्येक प्रकारच्या जमिनीला ‘अडथळ्याचे’ गुण द्यावे लागतात: जंगलाला 1, शेताला 20, वस्तीला 100, असं काहीतरी. हे आकडे पुष्कळदा तज्ज्ञांच्या अंदाजाने ठरतात, आणि मग सर्किटस्केपसारखी संगणकप्रणाली त्यातून अतिशय देखणा, विश्वासार्ह वाटणारा नकाशा काढून देते. रेडिओ कॉलर, कॅमेरा किंवा जनुकीय नमुने यांपैकी कशानेही पडताळणी केलेली नसेल तर त्या नकाशाला मी फार भाव देत नाही. तुम्हीही देऊ नका. कॉरिडॉर की आहे तो अधिवास वाढवणं, यावर तज्ज्ञांमध्येही वाद आहे. कॅनडातल्या पर्यावरणशास्त्रज्ञ लेनोर फारिग यांचं म्हणणं असं की अधिवास एकूण किती उरला हे मुख्य, तो किती तुकड्यांत आहे हे त्यामानाने दुय्यम. मला ते पूर्ण पटत नाही, मानाउसचे तुकडे त्याच्या विरोधात बोलतात, पण त्यांचे लेख वाचल्याशिवाय या विषयात मत बनवू नये.

शिकायचं काय? सॉफ्टवेअर ही सगळ्यात सोपी बाजू आहे. नकाशांसाठीचं क्यूजीआयएस आणि संख्याशास्त्रासाठीचं ‘आर’ फुकट आहेत, लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं 2008 पासून सर्वांना मोफत मिळतात, युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांचीही मिळतात. अवघड आहे ती संख्याशास्त्राची बैठक आणि एखाद्या प्राणिगटाची खोल ओळख. या दोन गोष्टींसाठी चांगला मार्गदर्शक शोधा, विद्यापीठाचं नाव नंतर बघा. लँडसॅटचा एक ठिपका 30 मीटर लांब-रुंद असतो. शेताच्या बांधावरची झाडांची ओळ त्यात विरघळून जाते. बिबट्याचा अभ्यास असेल तर कदाचित चालेल, पण सरड्याचा किंवा फुलपाखराचा असेल तर ती ओळच सगळं काही असू शकते. हे संगणक सांगत नाही, बांधावर जाऊनच कळतं.

प्रवेश घेण्याआधी स्वतःला अजमावायचं असेल तर असं करा. तुम्हाला आवडणारी एक प्रजाती निवडा, तिच्या परिसराची दहा-पंधरा वर्षांच्या अंतराची दोन उपग्रहचित्रं उतरवून घ्या, जमिनीच्या वापराचं वर्गीकरण करा आणि मग नकाशावर आंधळेपणाने निवडलेल्या ठिकाणी पायी जाऊन ते बरोबर आहे का तपासा. नकाशावर ‘जंगल’ आणि जागेवर आमराई किंवा निलगिरीची लागवड, असं अनेकदा निघेल. हे तपासण्यात मजा आली तर विषय तुमचा आहे. फक्त पहिला भाग आवडला, तर भूमाहितीशास्त्रात, म्हणजे नुसत्या नकाशे आणि उपग्रहचित्रांच्या कामात, नोकऱ्याही जास्त आहेत आणि पगारही बरे आहेत.