पोस्टकार्डावरचा डाव

वेंगुर्ले

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. गावात बुद्धिबळात तोडीचं कुणी नाही, जवळपास स्पर्धा क्वचित, फोनवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळून रेटिंग जागचं हलत नाही, म्हणून बारावी झाली की पुणं गाठायचं म्हणतोस. जा, माझी ना नाही. पण समोर माणूस नाही म्हणून खेळ सुधारत नाही, हे काही मला पटत नाही.

बुद्धिबळातला नावाजलेला ग्रँडमास्टर पॉल केरेस एस्टोनियातल्या पार्नू या समुद्रकाठच्या लहानशा गावात वाढला. तिथेही तोडीचे गडी मिळेनात, म्हणून त्याने टपालाने खेळायला घेतलं. एका वेळी दीडशेपर्यंत डाव चालवले म्हणतात. जी धाडसी ओपनिंग्ज, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्या, समोरासमोर खेळायला छाती होणार नाही, ती तो या डावांत चालवून बघायचा. पुढे १९३८ च्या एव्ह्रो स्पर्धेत अलेखाइन, कापाब्लांका, बोटविनिक असे दिग्गज खेळत असताना अमेरिकेच्या फाइनच्या बरोबरीने पहिला आला. तुझ्या गावात निदान रेंज तरी येते.

ही रीत केरेसच्याही खूप आधीची. १८२४ मध्ये एडिंबरा आणि लंडनच्या क्लबांत पत्राने सामना लागला, तो १८२८ पर्यंत चालला आणि एडिंबराने जिंकला. तू फोनवर डोळे झाकून खेळतोस त्या ‘स्कॉच’ ओपनिंगचं नाव तिथून पडलं. काळ्याने खेळायच्या ‘फ्रेंच डिफेन्स’ ओपनिंगचं नाव १८३४ ला सुरू झालेल्या पॅरिस-लंडन सामन्यातून आलं. तेव्हा पत्र पाठवणं महाग, त्यामुळे हा क्लबांचा शौक होता. १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत पोस्टकार्ड निघालं, आपल्याकडे १८७९ मध्ये आलं, तसा तो साध्या माणसाच्या आवाक्यात आला. महायुद्धात सेन्सॉरवाल्यांना या खेळ्या म्हणजे हेरांची सांकेतिक भाषाच वाटायची, त्यामुळे अशी कार्डं अडवली जात. आणि दहावं पत्र-ऑलिंपियाड, म्हणजे देशादेशांच्या संघांची टपाली स्पर्धा, १९८७ ला सुरू होऊन १९९५ ला संपलं. सुवर्ण सोव्हिएत संघाला, कांस्य पूर्व जर्मनीला. दोन्ही देश तोवर नकाशावरून गेले होते!

आता कार्डाबद्दल, कारण खरं शिक्षण त्यात आहे. कार्डावर आधी समोरच्याची खेळी पुन्हा लिहायची, मग आपली. त्याचं कार्ड कधी मिळालं आणि उत्तर कधी टाकलं, त्या तारखा घालायच्या. साधारण नियम दहा खेळ्यांना तीस दिवस. कार्ड वाटेत असतं तो वेळ कुणाच्याच नावावर नाही. त्यामुळे आषाढात घाटात दरड कोसळून टपाल अडकलं तरी आपलं घड्याळ बंद. वाद झाला तर टपालाचा शिक्का बघायचा. परदेशी गडी असेल तर खेळी आकड्यांत: उभ्या पट्ट्यांनाही एक ते आठ आकडे, म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं की ५२५४, पाचव्या पट्टीतल्या दुसऱ्या घरातून चौथ्या घरात. भाषेची अडचणच नाही. (आकड्यांवरून आठवलं, पिनकोड बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातलेच. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू झाला. पोस्टात नोकरी केलेल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आठवडे वाचवायला ‘जर-तर’ खेळ्या लिहायचे: तुम्ही उंट मारलात तर मी प्याद्याने मारतो. समोरच्याने ते धरलं की आपण बांधले गेलो. त्याच्याकडे दुसरं काही नाही याची खात्री असेल तेव्हाच ‘जर’ लिहावा. ही खात्री करून घेण्याची सवय तीन मिनिटांच्या डावात लागत नाही. तुझे डाव मी पाहिले, घोडा पुढे घेतोस आणि मग विचार करतोस.

म्हणून सांगतो तसं कर. दोनच डाव घे, जास्त नको. केरेसचे दीडशे केरेसला शोभतात. कार्डाने खेळ, नाहीतर सर्व्हरवर खेळीला तीन दिवस मिळतात तसे खेळ. एक शंभर पानी वही घाल. खेळी पाठवण्याआधी दोन ओळी लिही: काय हवंय, आणि तो काय करेल अशी भीती आहे. रात्री ठरवलेली खेळी सकाळी पट मांडून पुन्हा बघ, मगच पाठव. खरा पट, फोनवरचा नव्हे.

इंजिनाचं, म्हणजे खेळी सुचवणाऱ्या संगणक प्रोग्रामचं, स्पष्टच बोलतो. आंतरराष्ट्रीय पत्र-बुद्धिबळात आता इंजिनाची मुभा आहे, त्यामुळे वरच्या स्पर्धांत बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. त्या वाटेला जाऊन किताब मिळवायची हौस तूर्त सोड. तुला हवा आहे तो सराव, तेव्हा इंजिन न लावण्याचं वचन देणारा गडी शोध. डाव संपल्यावर मात्र लावायचं, आणि वहीतल्या तुझ्या दोन ओळींशी ताडून बघायचं.

सोबत एस्ट्रिन-बर्लिनर डाव उतरवून पाठवतोय, १९६५ ला सुरू झालेल्या टपाली जागतिक अजिंक्यपदातला. बर्लिनर काळ्या मोहऱ्यांनी जिंकला, आणि ते अजिंक्यपदही त्यालाच मिळालं. रोज पाच खेळ्या, त्याची पुढची खेळी झाकून.

चतुर्थीची गडबड आटपली की वही घेऊन वेंगुर्ल्याला ये. वही कोरी असेल तर येऊ नकोस, एसटीचं भाडं वाया जाईल.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका