वाचकांचे प्रश्न : आईकडून आलेला दुर्मीळ वंशगट

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाने परदेशात शिकत असताना लाळेची डीएनए चाचणी करून घेतली. त्याचा मातृवंशगट ‘डब्ल्यू’ असून तो दुर्मीळ आहे आणि मुख्यतः युरोप व पश्चिम आशियात आढळतो, असे अहवालात लिहिले आहे. आमचे माहेर खानापूर तालुक्यातले आणि आजोळ माण तालुक्यातले. गलाई व्यवसायासाठी घरातले पुरुष देशभर गेले. पण आमच्या माहितीप्रमाणे सोयरीक सातारा-सांगलीच्या बाहेर कधी झाली नाही. मग हा गट आमच्याकडे आला कसा? आणि भाच्याचा अहवाल मला लागू होतो का?
— एक वाचिका, विटा (जि. सांगली)

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे, म्हणून ते आधी देतो. होय, तो अहवाल तुम्हालाही लागू होतो. पेशीच्या केंद्रकातील डीएनए आई आणि वडील या दोघांकडून येतो. पण केंद्रकाबाहेर, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमध्ये १६,५६९ अक्षरांचा एक लहानसा वर्तुळाकार डीएनए असतो आणि तो आपल्याला केवळ आईकडून मिळतो, कारण शुक्रपेशीबरोबर आलेल्या तंतुकणिका फलनानंतर नष्ट केल्या जातात. तुमच्या आईचा हा डीएनए तुम्हा बहीण-भावंडांना मिळाला आणि तुमच्या बहिणीकडून तो भाच्याकडे गेला. तुमच्या मामांजवळही तोच आहे, मात्र मामांच्या मुलांजवळ नाही, कारण त्यांना तो मामीकडून मिळाला. मावशीची मुले तुमच्याच मातृवंशाची. आत्याची मुले तुमच्या वडिलांच्या आईच्या मातृवंशाची. मामाच्या मुलीचा मातृवंश वेगळा असतो हे वाचून काही जण मामे-आते भावंडांमधील विवाह आनुवंशिकदृष्ट्या निर्धोक आहे असे म्हणू लागतात, ते सर्वस्वी चूक आहे. केंद्रकातील डीएनए या भावंडांतही मावसभावंडांइतकाच सामाईक असतो आणि आनुवंशिक आजारांचा संबंध बहुतांशी त्याच्याशी असतो.

आता पहिला प्रश्न. या डीएनएत क्वचित होणारे बदल आईकडून पुढे चालत राहतात; ज्यांच्यात ते सारखे असतात, त्यांचा एक मातृवंशगट किंवा शाखा मानतात आणि तिला इंग्रजी अक्षराचे नाव देतात. आज आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या जवळजवळ सर्व मानवांचे मातृवंश आफ्रिकेतील ‘एल३’ या शाखेतून निघालेल्या ‘एम’ आणि ‘एन’ या दोन मोठ्या फांद्यांवर येतात. भारतात निम्म्याहून अधिक लोकांचा मातृवंश ‘एम’ या फांदीवरचा आहे. ‘एन’ची एक लहान उपशाखा ‘एन२’, आणि तिच्यातून साधारण २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या कडाक्याच्या काळात, बहुधा पश्चिम आशियाच्या परिसरात ‘डब्ल्यू’ फुटली. मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या हाडांमध्ये ती सापडली आहे, आणि सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी व्होल्गेच्या काठच्या गवताळ प्रदेशात राहणाऱ्या यामनाया पशुपालकांच्या थडग्यांतही सापडली आहे. आज फिनलंडपासून कॉकेशसपर्यंत आणि इराणपासून पंजाबपर्यंत ती विखुरलेली आहे, पण दाट अशी कुठेच नाही. बहुतेक ठिकाणी शंभरात जेमतेम दोन-चार माणसे या गटाची निघतात.

ती विरळ का राहिली, याचे कारण साधे आहे आणि ते आपल्या नेहमीच्या समजुतीच्या नेमके उलट आहे. मुलगा नसला की वंश खुंटला, असे आपल्याकडे म्हणतात. मातृवंशाचा हिशेब वेगळा आहे. ज्या बाईला सात मुलगे झाले आणि एकही मुलगी झाली नाही, तिचा मातृवंश त्या मुलांबरोबर संपतो. लहान वस्तीत, दुष्काळात, साथीच्या रोगात किंवा बाळंतपणात बायका दगावण्याचे प्रमाण मोठे असताना असे पुष्कळ वंश केवळ योगायोगाने नाहीसे झाले, तर काही वंश तितक्याच योगायोगाने फोफावले. जे विरळ राहिले, त्यांच्यात काही उणे होते असे नाही; आणि जे टिकले, त्यांच्यात काही विशेष होते असेही नाही.

भारतापुरते बोलायचे तर या गटाबद्दल आपल्याला बऱ्यापैकी स्पष्ट चित्र मिळते. मेत मेत्सपालू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुजरात, पंजाब आणि काश्मीर या वायव्येकडील भागांत ‘डब्ल्यू’चे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले, तर उर्वरित भारतात ते एक टक्क्यापेक्षाही कमी होते. वायव्येकडून दक्षिणेकडे येताना ही पातळी उतरत जाते. म्हणजे खानापुरात किंवा माणदेशात हा गट सापडणे विरळ आहे, पण चमत्कारिक नाही.

‘सोयरीक बाहेर कधी झाली नाही’ हे तुमचे विधान मी खरे धरतो, आणि तरीही हा गट इथे पोहोचण्यास अडचण येत नाही. आपल्याकडे भावकी गावात राहते आणि लेक परगावी नांदायला जाते. त्यामुळे पितृवंश शतकानुशतके एका गावात रुजून बसतो. मातृवंश मात्र दर पिढीला गाव बदलतो. एका पिढीत लेक चार-पाच कोसांवर दिली, तरी शंभर पिढ्यांत, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांत, दिशा बदलत बदलत का होईना, तो गुजरातच्या सीमेवरून माणदेशात येऊ शकतो. आणि वाटेतल्या प्रत्येक कुटुंबाला आपण जवळपासच्याच गावांत सोयरीक केली असेच वाटत राहते. शिवाय हा मुलूख कधीच बंदिस्त नव्हता. भारहुतच्या स्तूपावरील इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या दानलेखांत करहाकटच्या, म्हणजे आजच्या कऱ्हाडच्या, दात्यांची नोंद आहे. कृष्णा-कोयनेच्या संगमावरची माणसे तेव्हाही मध्य भारतापर्यंत जात-येत होती, आणि ज्या वाटेने माणसे जातात त्याच वाटेने परतही येतात.

एक सूचना करावीशी वाटते. स्वस्त चाचण्या या १६,५६९ अक्षरांपैकी निवडक जागाच वाचतात, त्यामुळे अहवालात अनेकदा नुसते ‘डब्ल्यू’ येते. संपूर्ण वाचन केले तर ‘डब्ल्यू३’, ‘डब्ल्यू६’ अशी उपशाखा कळते आणि मग ती पंजाब-गुजरातकडच्या कुटुंबांशी जुळते की आणखी कुणाशी, हे पाहता येते. मात्र अहवालातील ‘जुळणी’ म्हणजे जवळचा नातेवाईक नव्हे. या डीएनएत साधारण साडेतीन हजार वर्षांत एखादाच बदल होतो, म्हणून दोन माणसांचा हा डीएनए अक्षर न् अक्षर जुळला, तरी त्यांची सामाईक पूर्वज स्त्री सातवाहनांच्याही आधीची असू शकते.

प्रश्न : ‘एक्स’ नावाचा दुर्मीळ मातृवंश युरोपातही सापडतो आणि अमेरिकेतील मूलनिवासींमध्येही. यावरून प्राचीन युरोपीय लोक अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेले होते, असे वाचले. हे सिद्ध झाले आहे का?
— एक वाचक, कऱ्हाड (जि. सातारा)

उत्तर : नाही. उलट, उपलब्ध पुरावा या कल्पनेच्या विरुद्ध जातो. विरळ गट दोन दूरच्या प्रदेशांत दिसला की थेट प्रवासाची कथा रचण्याचा मोह होतो. फ्रान्स-स्पेनमधील सोल्युट्रियन दगडी हत्यारे बनवणारे लोक बर्फाच्या कडेकडेने होड्यांतून अमेरिकेत गेले, ही अशीच एक कथा. तिच्या समर्थकांनी ‘एक्स’चा आधार घेतला. पण अमेरिकेतील शाखा ‘एक्स२ए’ ही युरोपातील कुठल्याही शाखेची लेक नाही. दोन्ही एका फार जुन्या पूर्वज स्त्रीपासून स्वतंत्रपणे निघालेल्या आहेत. या गटाचे मोठे वैविध्य पश्चिम आशियात, विशेषतः उत्तर इस्राएलमधील द्रूझ समाजात, आढळते. त्यावरून त्याचे जुने घर तिकडेच असावे असे मानले जाते.

निर्णायक पुरावा १९९६ साली वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी सापडलेल्या केनविक मानवाने दिला. सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाला त्याच्या कवटीच्या आकारावरून कित्येकांनी मूलनिवासींहून वेगळा ठरवले होते. २०१५ साली एस्के विलर्स्लेव्ह यांच्या कोपनहेगन येथील चमूने त्याचा जनुकसंच वाचला, तेव्हा त्याचा मातृवंश ‘एक्स२ए’ निघाला आणि उर्वरित डीएनए आजच्या अमेरिकी मूलनिवासींशी सर्वांत जवळचा निघाला. ज्यांनी त्याला आपला पूर्वज म्हणून परत मागितले होते, त्या जमातींनी २०१७ साली त्याचे विधिवत दफन केले. मला या प्रकरणात विज्ञानाइतकीच ही परतफेड महत्त्वाची वाटते.

प्रश्न : आईकडचा गट ‘युरोपीय’ किंवा ‘पश्चिम आशियाई’ निघाला, तर आपले घराणे बाहेरून आले असे म्हणता येईल का? आमच्या ओळखीतले काही जण अशा अहवालावरून जातीचे मूळ सांगू लागले आहेत.
— एक वाचक, वाई (जि. सातारा)

उत्तर : म्हणता येणार नाही, आणि जातीचे मूळ तर मुळीच सांगता येणार नाही. दहा पिढ्या मागे गेलो तर वंशवृक्षावर १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात. मातृवंश त्यांतील एकाच स्त्रीबद्दल बोलतो. उरलेल्या १,०२३ जागांबद्दल तो अवाक्षरही काढत नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाचेच पाहा : त्यांच्या पितृवंशांत पश्चिम आशियाशी नाते दिसते, पण मातृवंश बहुतांशी इथलेच आहेत. दोन्हींतले एकच पाहिले असते, तर अर्धी हकीकत पूर्ण समजून बसलो असतो.

गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान दक्षिण आशियात आला, असे ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासातून दिसते. आजच्या भारतीयांत तो अंश मुख्यतः पुरुषांकडून आलेला आहे. स्वातच्या खोऱ्यातील प्राचीन थडग्यांत मात्र तो अधिककरून स्त्रियांकडून आलेला आढळला. एकाच घडामोडीत खोऱ्याखोऱ्यानुसार असा फरक पडतो. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राखीगढीच्या हडप्पाकालीन स्त्रीचा जनुकसंच प्रसिद्ध केला. तिचा मातृवंश ‘यू२बी२’ होता, जो आजही भारतात आढळतो. आणि हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राच्या सहभागाने २०१३ साली झालेल्या अभ्यासाने दाखवले आहे की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले जनसमूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते. जातीअंतर्गत विवाहाची घट्ट चौकट त्यानंतरची. तेव्हा २० हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीच्या नावाने आजच्या जातीचा दाखला मागणे, हे त्या स्त्रीवरही अन्याय करणारे आहे आणि शेजाऱ्यांवरही.

प्रश्न : आमच्या घराण्याची वंशावळ हेळव्यांच्या वहीत आहे, पण तीत मुलींची नावे सापडत नाहीत. मातृवंशाची नोंद घरच्या घरी कशी ठेवावी?
— एक वाचिका, मिरज (जि. सांगली)

उत्तर : घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारून सुरुवात करावी. तिची आई, त्या आईची आई, अशा क्रमाने प्रत्येकीचे नाव, माहेरचे आडनाव, माहेरचे गाव आणि ती कोणत्या गावी नांदायला गेली, हे लिहून घ्यावे. नाव आठवत नसेल, तरी गाव बहुधा आठवते. ‘ती औंधाकडची’ एवढेही पुरे. मावश्या आणि आईच्या मावश्या यांच्याकडे तीच माहिती स्वतंत्रपणे विचारून पडताळावी. चाचणी करायचीच असेल, तर या नोंदीनंतर करावी. त्याआधी एक मात्र ध्यानात घ्यावे : तुमचा अहवाल उघड केला की तुमच्या सर्व मावसभावंडांचा मातृवंशही उघड होतो, म्हणून त्यांना विचारूनच तो कुठे द्यावा.