पेपेरोनी मागवली आणि मिरच्या आल्या

विचारणा अशी: भाचा अमेरिकेतून जर्मनीला राहायला गेला. तिथे पहिल्याच आठवड्यात त्याने 'पेपेरोनी' पिझ्झा मागवला, आणि सलामीच्या चकत्यांऐवजी त्यावर तिखट मिरच्या आल्या. भोपळी मिरचीला तिथे 'पाप्रिका' म्हणतात. मग आपल्याकडे बरणीत मिळणारी लाल पाप्रिका कसली? आणि जाता जाता, भोपळी बरोबर की ढोबळी?

शेवटचं आधी. दोन्ही बरोबर. माझी आई ढोबळी म्हणायची, सासरची मंडळी भोपळी म्हणतात आणि भाजीवाली दोघांनाही 'सिमला का?' असं विचारून पाव किलो तोलते. पीठ पेरून केली की तिन्हींची चव एकच. भोपळी आकारावरून, ढोबळी जाडजूडपणावरून. 'ढोबळमानाने'मधला ढोबळ तोच. कानडीतही 'दप्प मेणसिनकायि' म्हणतात, दप्प म्हणजे जाड. मला सगळ्यात आवडतं ते तमिळ नाव: 'कुडै मिळगाय', छत्री मिरची. देठाकडून बघा, खरंच उघडलेली छत्री दिसते.

आता भाच्याचा पिझ्झा. इटालियनमध्ये 'पेपेरोने' म्हणजे भोपळी मिरची आणि 'पेपेरोनी' हे तिचं अनेकवचन. म्हणजे इटलीत हाच शब्द उच्चारला तर पिझ्झ्यावर भोपळी मिरची येईल, शाकाहारी माणूस खूश. जर्मनांनी तो शब्द तिखट, बारीक मिरचीला लावला. अमेरिकेत तो मिरचीपूड घातलेल्या सॉसेजला चिकटला. तीन देश, तीन ताटं.

पाप्रिकाची गोष्ट याहून सरळ आहे. सर्बियन-क्रोएशियन भाषेत मिऱ्याला 'पापर' म्हणतात, त्यावरून 'पाप्रिका'. हंगेरियनांनी तो शब्द जगभर नेला. त्यांच्याकडे झाड, फळ आणि पूड, सगळंच पाप्रिका. जर्मनांनी प्रामुख्याने फळ धरलं, इंग्रजीने फक्त पूड. आपण बरणी इंग्रजीतून आणली, म्हणून आपल्यालाही पूडच ठाऊक. (याच हंगेरीतल्या सेगेद शहरात शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी पाप्रिकातून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळं काढलं. 1937 चं नोबेल त्यांना मिळालं.)

पण गंमत अशी की मिरची मुळात अमेरिका खंडातली. 'चिली' हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला. तरी बहुतेकांनी नव्या फळाला जुन्या मसाल्याचंच नाव दिलं. कारण तिखट म्हणजे मिरे, एवढंच तोवर माहीत होतं. स्पॅनिशमध्ये मिरी 'पिमिएंता', मिरची 'पिमिएंतो'. नुसतं लिंग बदललं. तमिळमध्ये मिळगु आणि मिळगाय. आपणही वेगळं काही केलं नाही: मिरे, म्हणून मिरची. इंग्रजीने मात्र तिखटाला 'चिली' ठेवलं आणि गोडीला 'पेपर', म्हणजे ज्या मिरचीत तिखटपणाचा लवलेश नाही, नेमकं तिलाच मिऱ्याचं नाव. भारतीय इंग्रजीतलं 'कॅप्सिकम' त्या मानाने सोवळं, शास्त्रीय नावातून सरळ उचललेलं. पण त्या नावाखाली ब्याडगीही येते आणि ज्वालाही. तिघी एकाच जातीच्या. भाजीवालीकडे कॅप्सिकम मागून ब्याडगी मिळाली तर शास्त्राच्या दृष्टीने तिचं काही चुकलं नाही.

आणि हा 'पेपर', 'पेपेरोने', 'पाप्रिका' आले कुठून? लॅटिन 'पिपेर'वरून, ते ग्रीक 'पेपेरि'वरून, आणि ग्रीकांनी तो शब्द आपल्या पिप्पलीवरून घेतला. मिरचीच्या आधी दीड-दोन हजार वर्षं ही लांबट पिंपळी आणि मिरी इथून जहाजांतून युरोपला जात होती. तेव्हा भाच्याला सांगा, खोकला झाल्यावर त्याची आजी सितोपलादि चूर्ण मधातून चाटवायची, त्यातली पिंपळी आणि त्याच्या पिझ्झ्यावरची पेपेरोनी नावाने नात्यातल्याच आहेत.