ब्रेशेल्लोला यायचं म्हणताय तर

ताई, मिस्टरांना इटलीत पार्माजवळ नोकरी मिळतेय, ब्रेशेल्लोत भाडं परवडतंय, मुलगा सातवीत आहे, तर तिथे राहावं का, असं विचारलंत. व्हिसाचं सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही.

गाव पो नदीच्या उजव्या काठावर आहे खरं, पण खिडकीतून नदी दिसेल असं धरून चालू नका. मध्ये मातीचा उंच बांध, पलीकडे पूरपट्ट्यात ओळीने लावलेले पॉप्लर, आणि मग पाणी. घर तळमजल्यावरचं नकोच. १२ डिसेंबर २०१७ ला पो नव्हे, तिची उपनदी एन्त्सा बांध फोडून याच पालिकेतल्या लेंतिजोने गावात शिरली. घरमालक असलं काही आपणहून सांगत नाहीत.

बाकी गाव जुनं, रोमनांचं ब्रिक्सेल्लुम. इ.स. ६९ मध्ये लढाई हरल्यावर सम्राट ओथोने इथेच जीव दिला. चौकात जुन्या सिनेमांतल्या पाद्र्याचा आणि कम्युनिस्ट महापौराचा पुतळा आहे, पर्यटक येतात ते त्यांच्यासाठी. मला आपला वाटतो तो आंतोनियो पानित्सी. १७९७ साली इथे जन्मला, राजकारणापायी पळाला आणि लंडनला ब्रिटिश म्युझियमचा मुख्य ग्रंथपाल झाला. त्याला तिथे कुणी 'तुला हे झेपणार नाही' म्हटलं नसावं.

आमच्या मुलीला म्हटलं. इथे आठवीत शिक्षक लेखी सल्ला देतात: पुढे लिचेओ (म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवरची शाळा), तांत्रिक की व्यावसायिक शाळा. गणितात दहापैकी नऊ, तरी तिच्या कागदावर व्यावसायिक! वर बाई गोड आवाजात म्हणाल्या, भाषेचा ताण नको. हा सल्ला पाळायलाच हवा असं नसतं, हे शाळेने नाही, डेअरीत काम करणाऱ्या एका सरदारजींच्या बायकोने सांगितलं. मुलगी लिचेओत गेली, रोज आगगाडीने पार्माला. ती ते कधीच विसरली. मला अजून त्या बाई बाजारात दिसल्या की मी भाजी निवडत बसते.

इथे राहण्याच्या परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज पोस्टातून जातो, बोटांचे ठसे द्यायला पोलिस महिनोन् महिने बोलवत नाहीत. तोवर पोस्टाची पावती हाच तुमचा जीव, तिच्या झेरॉक्स काढून ठेवा.

एकटेपणाचंही विचारलंत. नोव्हेंबरात धुकं पडलं की होतो, मार्चमध्ये जातो.

मुलाची गुणपत्रकं इटालियनमध्ये भाषांतर करून, शिक्के मारून आणा. आठवीतला तो कागद हातात आला की हसून घ्या, आणि अर्जात तुम्हाला हवी तीच शाळा भरा.