पाय आधीच धुऊन आलेली बाई

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं, ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या सणांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. पत्रं आली, आणि बरीच आली. त्यातल्या सहांना इथं उत्तरं देते. मी काही धर्मपंडित नाही. जालना जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये एकतीस वर्षं गणित शिकवलं. आता आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, चिटणीस आहे, म्हणजे वह्या लिहिते, चर्चच्या चाव्या सांभाळते आणि भांडणं ऐकते.

प्रश्न : गेल्या वर्षी मी आमच्या ख्रिस्ती सरांना 'हॅपी गुड फ्रायडे' असा मेसेज पाठवला. त्यांनी नुसते जोडलेले हात पाठवले. माझं काही चुकलं का? (विद्यार्थी, अंबड)

उत्तर : चुकलं रे बाळा. पण दर वर्षी मलाही असे आठ-दहा मेसेज येतात, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. तो येशूच्या मरणाचा दिवस. नावातल्या 'गुड'चा अर्थ 'पवित्र' असा जुना आहे. मराठीत आम्ही उत्तम शुक्रवार म्हणतो. दुपारी बारा ते तीन उपासना असते आणि क्रुसावरून येशूनं काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पूर्वी सातही जण पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नाहीतर बाहेरून बोलावलेले वक्ते असायचे. आता आम्ही मंडळीतलीच माणसं उभी करतो. 'मला तहान लागली आहे' हा उद्गार एका वर्षी आमच्यातल्या टँकरवाल्याला दिला. तो जेमतेम चार मिनिटं बोलला. टँकर विहिरीत सोडताना पाइपाची पहिली धार गढूळ असते, हे गावातल्या सगळ्यांना माहीत असतं, तरी पहिली घागर त्याच धारेखाली येते आणि तिच्यावरूनच भांडण पेटतं, एवढंच त्यानं सांगितलं. मग खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि जाऊन बसला. चाळीस वर्षांत त्या उद्गारावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, लक्षात राहिलं ते हेच.

तू शुक्रवारी काही पाठवू नकोस. रविवारी, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, 'ईस्टरच्या शुभेच्छा' पाठव. सर खूश होतील.

प्रश्न : आमचे शेजारी ख्रिस्ती आहेत. ते म्हणतात, आमचे उपवासाचे चाळीस दिवस चालू आहेत. पण रोज जेवताना तर दिसतात. होळीला पुरणपोळी द्यावी की देऊ नये? (गृहिणी, मंठा)

उत्तर : द्या हो ताई, खुशाल द्या. आणि वर तुपाची धार सोडून द्या.

आमचा उपवास एकादशीसारखा नाही. साबुदाणा चालतो, वरी चालते, अशी यादी त्याला नाही. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो, यंदा, म्हणजे २०२६ साली, १८ फेब्रुवारीला झाला, आणि ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत चालतो. मोजायला बसलात तर दिवस सेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार वजा करायचे, कारण दर रविवारी आम्ही पुनरुत्थानाची आठवण करतो आणि त्या दिवशी उपवास नसतो. राहिले चाळीस. येशूनं रानात चाळीस दिवस उपास केला, ते हे चाळीस. या दिवसांत कुणी मटण सोडतं, कुणी एक वेळचं जेवण. बहुतेक घरांत लग्न काढत नाहीत. मी एका वर्षी चहा सोडला होता. तिसऱ्या दिवशी डोकं धरलं, आठव्या दिवशी ह्यांनी स्वतः चहा करून आणला आणि म्हणाले, "प्रभूसाठी सोडलास ते ठीक आहे, पण आमच्यासाठी घे."

त्यानंतर मी मूठ काढायला लागले. आमच्या महिला मंडळानं हे काही वर्षांपूर्वी सुरू केलं. भाकरीला पीठ मळायला घ्यायच्या आधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. मूठभर ज्वारीचं पीठ म्हणजे किती, हे मी गणिताच्या सवयीनं किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून पाहिलं. माझी मूठ साठ ग्रॅमची. चाळीस दिवसांचं झालं दोन किलो चारशे. पण पिठाला उन्हाळ्यात लवकर कीड लागते, म्हणून आता पिठाऐवजी ज्वारीच काढतो. सगळ्या घरांची मिळून दीड-दोन पोती होते.

ती कुठं द्यायची, यावर एक अख्खी बैठक गेली. अनाथाश्रमाला द्यावी, असं पहिल्या झटक्याला सगळ्यांनाच वाटतं. पण दिवाळीच्या सुमाराला आमच्या आसपासच्या तांड्यांवरून, वाड्यांवरून जोडपी ऊसतोडीला जातात. ती मार्च-एप्रिलात परत येतात. तोवर मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मी शिक्षिका होते, ती पोरं मला माहीत होती. दिवाळीनंतर वर्गात दोन प्रकारची मुलं उरायची : ज्यांचे आईबाप घरी आहेत ती, आणि जी आज्जीकडून आलेत असं सांगतात ती. म्हणून ज्वारी त्या आज्ज्यांकडे जाते. पावती नाही, फोटो नाही. फोटोवरूनही भांडण झालं होतं, ते सांगत बसत नाही.

प्रश्न : मला मधुमेह आहे, वय बासष्ट. उपवास धरला नाही तर पाप लागेल का? (परतूर)

उत्तर : नाही. गोळी घेऊन उपाशी राहू नका. तुमचे डॉक्टर सांगतील तसंच करा. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचा. देवाला आवडणारा उपास कोणता, हे तिथं आहे, आणि त्यात जेवण सोडण्यापेक्षा भुकेल्याला भाकरी वाटून देण्याला जास्त जागा आहे. तुमची शुगर वाढवणारी जिलबी मात्र सोडायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळीत नवे पाळक आलेत. त्यांनी राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावली. पवित्र गुरुवारी, म्हणजे उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, पाय धुण्याचा विधी आहे, त्यात बायकांनीही भाग घ्यायचा म्हणतात. सासूबाईंनी चर्चला येणंच सोडलंय. "आपल्यात असलं नसतं, हे काय नवीन काढायलेत?" असं म्हणतात. मी काय करू? (एक सून, अंबाजोगाई)

उत्तर : राखेबाबत सासूबाईंचं बरोबर आहे. हे त्यांना आधी सांगून टाका, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

आमच्या जालन्याचंच घ्या. इथं नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. स्कॉटलंडच्या त्या परंपरेत राख नव्हती, चाळीस दिवस नव्हते, ईस्टरचाही गाजावाजा नव्हता. नाताळची सार्वजनिक सुट्टीसुद्धा स्कॉटलंडमध्ये १९५८ साली मिळाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते, बाप्टिस्ट होते. एका घरात सहा सुना आल्या की सहा चवीचं वरण होतं, तसं सणवारांचं झालं. सासूबाईंच्या लहानपणी राख नसणारच. आमच्याकडे ती कशी करतात तेही सांगते. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिरवणुकीत हातात धरलेल्या शिंदीच्या झावळ्या लोक घरी नेतात, वर्षभर फोटोच्या मागं खोचून ठेवतात. पुढच्या वर्षी त्या परत आणून जाळायच्या, तीच राख. आमच्या शेजारणीची झावळी एकदा पाल निघाली म्हणून बाहेर फेकली गेली, तर बिचारी रडकुंडीला आली होती.

पाय धुणं मात्र राखेसारखं सोपं नाही. त्यावर जरा जास्त लिहिते.

आमच्याकडे ते २०१६ साली सुरू झालं. पुढच्याच महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हे साल. कमिटीत पहिला आक्षेप पाण्यावर आला : "प्यायला मिळेना आणि पाय काय धुता?" तो बरोबरच होता. ठरलं की सगळ्यांसाठी मिळून दोन तांबे, खाली परात, आणि परातीतलं पाणी फाटकाजवळच्या लिंबाला. दुसरा आक्षेप कमिटीत कुणी बोललं नाही, बाहेर पायरीवर बोलले. कुणी कुणाचे धुवायचे? पाळकांनी बारा पुरुषांचे धुवावेत, असा जुना बेत होता. महिला मंडळानं बायबलमधलं योहानाचं पुस्तक उघडून दाखवलं : तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, पण बाराव्यात, त्याच्या आधी, बेथानीच्या मरीयेनं त्याच्या पायांना सुगंधी तेल लावून आपल्या केसांनी ते पुसलेत. तेव्हा पाळक म्हणाले, ठीक आहे, सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाका.

आमच्या मंडळीत जात नाही, असं आम्ही बाहेर सांगतो. आत ती लग्नं जुळवताना कळते, आणि त्या गुरुवारी चिठ्ठ्या उघडतानाही कळली. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एका वडीलधाऱ्यांना ज्या बाईंची चिठ्ठी आली, त्या नगरपालिकेत झाडूकामाला. गृहस्थ तसे भले. काही न बोलता पाटावर बसले, तांब्या कलता केला. बाईंनी लुगडं घोट्यापर्यंत उचललं. पाय लख्ख. टाचांच्या भेगांतसुद्धा काळं नव्हतं. आत येण्याआधी त्या चर्चमागच्या नळावर साबण लावून, दगडानं घासून पाय धुऊन आल्या होत्या. बोटांच्या बेचक्यात फेस तसाच राहिला होता. गृहस्थ हसून म्हणाले, "बाई, मला धुवायला काही ठेवलंच नाही तुम्ही." सगळे हसले. मीही हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी लुगडं खाली सोडलं.

पुढच्या वर्षी त्या गुरुवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी मी घरी गेले. म्हणाल्या, "बाई, मला चिठ्ठीत घालू नका. मी तांब्या धरते." तेव्हापासून पाणी त्याच घालतात. कुणावर किती ओतायचं ते त्या ठरवतात, आणि हात फार सैल नाही त्यांचा.

तर सासूबाईंना पटवत बसू नका. त्यांना काय धरायला आवडेल ते विचारा. त्यांना रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं जुन्या चालींवर येत असतील. आमच्याकडे या दिवसांत बुधवारी घरोघरी भजन होतं आणि तरुण पोरांना त्या चालीच येत नाहीत. त्यांनी राख नाही लावली तरी चालतंय.

प्रश्न : २०२२ साली पवित्र गुरुवारी तुमच्या चर्चच्या फाटकावर आंबेडकर जयंतीची पाणपोई लावलेली मी पाहिली. दुःखसहनाच्या आठवड्यात हे शोभतं का? (एक ख्रिस्ती वाचक, परभणी)

उत्तर : १४ एप्रिल त्या वर्षी गुरुवारी आला, त्याला आम्ही काय करणार? मिरवणूक आमच्या फाटकावरून जाते. उन्हात नाचून पोरं आलेली, डीजेनं खिडक्या थरथरत होत्या, आणि आत आमचे पाय धुण्याचे तांबे भरून ठेवलेले. रांजण बाहेर नेऊन ठेवला, बस. मिरवणुकीत आमच्या मंडळीचीच निम्मी पोरं होती. त्यांचे चुलतभाऊ बौद्ध आहेत. तुमच्याही घरी असतील, नीट आठवून बघा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या यादीत, पंजाबातल्या काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदू धरले. पुढं १९५६ साली सगळे शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेले अजून बाहेर आहेत. म्हणजे आजोबा एक, वाडा एक, आणि एका नातवाला दाखला मिळतो, दुसऱ्याला नाही. हे मी दुःखसहनाच्या आठवड्यात आठवायचं नाही तर केव्हा आठवायचं?

पाण्यासाठी महाडला १९२७ साली काय झालं, ते मी शाळेत दर वर्षी सांगत होते. आवाजाबद्दल मात्र तुमची तक्रार मान्य. मलाही त्रास झाला.

प्रश्न : ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते? आणि पहाटेच्या उपासनेला बाहेरचा माणूस आला तर चालतं का? (शेतकरी, भोकरदन)

उत्तर : तुम्हाला पंचांग कळतं, त्यामुळे हे सोपं आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्येच पडतो. यंदा चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती, २ एप्रिलला, आमच्या पवित्र गुरुवारीच आहे. म्हणून ईस्टर ५ एप्रिलला. पुढच्या वर्षी होळीचीच पौर्णिमा धरली जाईल आणि ईस्टर २८ मार्चला येईल.

जरूर या. पाचला चर्चपाशी जमतो, तिथून मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातो. आदल्या दिवशी लोक आपापल्या माणसांच्या कबरी झाडून, चुना मारून ठेवतात. उजाडायच्या आत "प्रभू उठला आहे" हे पहिल्यांदा बाईनं म्हणायचं, असा आमचा नियम आहे, कारण रिकामी कबर पहिल्यांदा बायकांनी पाहिली आणि बायबलमध्ये लूक लिहितो की पुरुषांना ती बडबड वाटली. मग सगळे म्हणतात, "खरोखर उठला आहे." यंदा ते नववीतली एक मुलगी म्हणणार आहे. तिचा आवाज बारीक आहे, तेव्हा पुढं उभे राहा. नंतर चहा आणि उकडलेली अंडी, पोरांनी बीट नि हळदीत रंगवलेली.

बॅटरी आणा. आणि देवाचं ठिकाण म्हणून चपला काढू नका, कबरींमधल्या वाटेवर सराटे फार आहेत.