ढग गडगडतात पण पाऊस नाही. नाशिकच्या डोंगरांवरचे वणवे अशा विजेने लागतात का?
क्वचित. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्याच हातचे. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, नाहीतर कुणी विडीचं थोटूक टाकतं. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या उतारांवरचं वाळलेलं गवत एप्रिलमध्ये एका ठिणगीची वाटच बघत असतं.

विजेने आग लागते ती मुख्यतः कोरड्या वादळात. ढगाचा तळ उंच, खालची हवा तापलेली. थेंब वाटेतच आटतात, वीज मात्र खाली पोहोचते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत हे नेहमीचं. आपला वळीव बहुधा भिजवून तरी जातो.

पण वीज सोडा, वारा बघा. थेंब आटताना हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे सुटते. शांतपणे सरकणारी आग तेव्हा क्षणात तोंड फिरवते. चढावर ती तशीही जोरात धावते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात. तेव्हा आभाळ भरून आलं असेल तर वणव्याच्या वरच्या अंगाला अजिबात थांबू नका (व्हिडिओ काढायला तर नाहीच). वनविभागाची हेल्पलाइन १९२६.